क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपल्या, असे नाही

मोटरसायकलचा क्लच घसरू लागला की काय करावे, हे सांगणारा एक संदेश बरेच दिवस या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. क्लच घसरतो याचा अर्थ प्लेट संपल्या, तेव्हा पूर्ण सेट बदलावा; तोवर केबल ताणून लिव्हरमधली ढिलाई काढून टाकावी, म्हणजे पकड घट्ट होते; दोष बहुधा सिंथेटिक ऑइलचा असतो, म्हणून साध्या मिनरल ऑइलवर परत यावे; आणि खर्च टाळायचा असल्यास प्लेटना पॉलिश पेपर मारून स्प्रिंगखाली वॉशर घालावेत. यातला दुसरा सल्ला ज्या दुखण्यावरचा उपाय म्हणून दिलेला आहे, तेच दुखणे तो निर्माण करतो, म्हणून सुरुवात तिथून करतो.

ब्रेकची केबल ताणली की ब्रेक अधिक घट्ट लागतो, हा अनुभव बहुतेकांच्या हाताला असतो आणि तोच क्लचला लावला जातो. पण क्लचची रचना नेमकी उलटी आहे. प्लेट एकमेकींवर दाबून धरण्याचे काम स्प्रिंगा करतात आणि तेही अहोरात्र. केबलचे काम फक्त तो दाब सोडवण्याचे असते. ढिलाई पूर्ण काढून टाकली की लिव्हरला हात न लावताही केबल प्रेशर प्लेटला, म्हणजे स्प्रिंगांचा दाब चळतीवर पोचवणाऱ्या वरच्या तबकडीला, थोडीशी उचलून धरते, म्हणजे आपण सगळा प्रवास नकळत हाफ क्लचवर करत असतो. प्लेट तापतात, झिजतात, आणि मग संदेशातले पहिले विधान खरे ठरते, कारण दुसऱ्याने ते खरे करून दाखवलेले असते.

लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी, असे अनेक मोटरसायकलींच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा. ही हालचाल एकदा लावली की कायम राहते, असे मात्र नाही. केबल काळानुसार सैल होते हे सर्वांना ठाऊक असते, पण प्लेट झिजल्या की त्यांची चळत पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि बहुतेक गाड्यांमध्ये त्यामुळे ढिलाई आपोआप कमी होत जाते, ही गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. कुणीही केबलला हात लावलेला नसताना क्लच घसरू शकतो, तो असा.

माझ्या गाडीला मी हौसेने उंच हँडल बसवले, पण केबल जुनीच ठेवली. काही दिवसांतच वरच्या गिअरमध्ये क्लच घसरू लागला आणि एका मेकॅनिकने गाडी न तपासताच प्लेट गेल्याचा निर्वाळा दिला. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर मी लिव्हरजवळ केबलचे काळे आवरण चिमटीत धरून अ‍ॅडजस्टरच्या तोंडातून बाहेर ओढून पाहिले. तिथे दोनतीन मिलिमीटर फट दिसायला हवी होती, ती केसाइतकीही नव्हती. मग इंजिन चालू करून हँडल एका बाजूला पूर्ण वळवले, तर लिव्हर स्वतःच ताठ झाला. योग्य लांबीची केबल वेगळ्या वाटेने नेऊन बसवली आणि इंजिन न उघडता तक्रार मिटली. केबल कोरडी पडली, तिचे आतले धागे तुटून आवरणात अडकले किंवा केबल जो ओढते तो इंजिनाकडचा आर्म चिखलाने जड झाला, तरी परिणाम हाच होतो. केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचे परतीचे बारीक छिद्र बुजले की दाब अडकून राहतो आणि तिथेही तीच गोष्ट घडते.

आता पहिले विधान. क्लच घसरतो की नाही, हेच आधी ठरवायला हवे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर भरकन पिळल्यावर इंजिनाचे फेरे चढले पण वेग त्या प्रमाणात चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. वरच्या गिअरमध्ये गाडीला चटकन वेग घेता येत नाही, त्यामुळे इंजिनाचा जोर क्लचवर बराच वेळ टिकून राहतो, म्हणून दोष तिथे आधी उघडा पडतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडते तेव्हा खटके बसतात, आणि गिअर निसटतो तेव्हा जोर एकदम नाहीसा होतो; या दोहोंना क्लच घसरणे म्हणत नाहीत. स्लिपर क्लच असलेली गाडी झपकन खालच्या गिअरमध्ये आणताना क्लच थोडा सुटतो, तोही दोष नाही, ती त्याची नेमणूकच आहे.

प्लेट खरोखर संपतात, हे मी नाकारत नाही. पण ते व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठरवायचे असते. पकडीचा थर असलेल्या घर्षण प्लेटची जाडी, त्यांच्या मधल्या साध्या स्टील प्लेटचा सपाटपणा आणि स्प्रिंगची मोकळी लांबी, या तिन्हींच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये असतात. स्टील प्लेट जाड काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवले की वाकडेपणा कळतो, आणि निळसर डाग दिसले की ती जबर तापून गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. कित्येकदा प्लेट मर्यादेत असतात आणि आखूड झालेल्या असतात त्या फक्त स्प्रिंगा.

तिसऱ्या विधानात सत्याचा एक धागा आहे, पण तो चुकीच्या जागी बांधला आहे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे ऑइलचा त्याच्या पकडीशी थेट संबंध आहे. मात्र बाधा येते ती घर्षण कमी करणाऱ्या मिश्रकांची, मूळ तेल सिंथेटिक आहे की मिनरल याची नव्हे. मोटारींच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये अशी मिश्रके सर्रास असतात. डब्यावर जासो या जपानी वाहन-मानक संस्थेचा वर्ग एमए, एमए१ किंवा एमए२ असे लिहिलेले असेल, तर ते ऑइल ओल्या क्लचची चाचणी पार करून आलेले आहे, मग ते पूर्ण सिंथेटिक का असेना. एमबी हा वर्ग कमी घर्षणाचा असतो. ज्या स्कूटरचा क्लच ऑइलबाहेर कोरडा असतो तिला तो चालतो, ओल्या क्लचला नाही. चुकून मोटारीचे ऑइल पडले असेल आणि प्लेट जळलेल्या नसतील, तर योग्य ऑइल एकदोनदा बदलूनच पकड परत आल्याचीही उदाहरणे आहेत.

पॉलिश पेपरच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. घर्षण प्लेटवरचा थर मुळातच पातळ असतो. तो हाताने घासला की असमान होतो, आणि प्लेट तापण्याचे मूळ कारण जागच्या जागी राहते. वॉशरने स्प्रिंगांचा दाब वाढतो हे खरे, पण लिव्हर जड होतो, केबल आणि रिलीज बेअरिंगवर जादा भार येतो, आणि स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच पूर्ण सुटतच नाही. स्प्रिंग आखूड झाली असेल तर सगळ्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात.

मोजमापात प्लेट मर्यादेखाली गेल्या असतील, तर त्या अवश्य बदलाव्यात. नव्या घर्षण प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवून घ्याव्यात, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळावेत, कारण ते बारीक असतात आणि अंदाजाने आवळताना तुटतात. चळतीची जाडी बदललेली असल्यामुळे जुने अ‍ॅडजस्टमेंट आता लागू पडत नाही. कव्हर लावून झाल्यावर केबलची ढिलाई इंजिनाकडच्या नटापासून पुन्हा नव्याने लावावी आणि लिव्हरकडचा अ‍ॅडजस्टर शेवटच्या बारीक फरकासाठी राखून ठेवावा.