ज्याच्यावर आरोप, तोच न्यायाधीश

दर काही महिन्यांनी एखादी खोटी बातमी पसरते आणि लगेच सरकारी गोटातून तोच राग आळवला जातो, की खरे-खोटे आम्ही ठरवून देतो. हे ऐकून आता अक्षरशः वीट आला आहे. २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली आणि आपल्याच कारभाराविषयीचा समाजमाध्यमांवरचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच तथ्यतपासणी कक्षाला देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली, तिसऱ्यांचे मत घ्यावे लागले आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला, तेव्हा वाटले, चला, विषय संपला. कसला संपतो!

वृत्तवाहिन्यांना तर असा नियमही लागत नाही, कारण प्रक्षेपणाच्या परवानगीची दोरी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच हातात असते. ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीला २०२२ मध्ये नूतनीकरण नाकारले गेले, कारणे बंद लिफाफ्यातून न्यायालयाला दिली गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करेपर्यंत इतरांनी घ्यायचा तो बोध घेतलाच असणार.

खोट्या बातम्यांना आळा नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु रात्री नऊला आठ चौकटींतून आठ जण एकाच वेळी ओरडत असताना ज्या अफवा बिनदिक्कत खपतात, त्यांच्याकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत तेव्हा दूरचित्रवाणीचा आवाज बंदच असतो.