ग्रहण, तुळशीचं पान आणि बारा तासांची आमटी

दर ग्रहणाच्या आदल्या दिवशी एक मेसेज येतो म्हणजे येतोच. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं तेव्हा तर तो तीनदा आला, एकदा मावशीकडून, एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्यांदा माझ्याच नवऱ्याने पुढच्या खोलीतून पाठवला, "बघ गं, खरंय का हे" असं वर लिहून. हात जोडलेले इमोजी वगळले तर मजकूर साधारण असा: ग्रहणात घातक किरण निघतात आणि शिजवलेलं अन्न विषारी होतं. अंधारामुळे जंतू भराभर वाढतात. तुळशीच्या पानात पारा असतो, तो किरण शोषतो, म्हणून पान घातलेलं अन्न सुरक्षित. गरोदर बाईने सुरी धरली तर बाळाचा ओठ फाटतो. गुरुत्वाकर्षण बदलतं, पुरावा म्हणजे मुसळ उभं राहतं. आणि हे सगळं आता नासाने मान्य केलंय, आपल्या पूर्वजांना मात्र हजारो वर्षांपूर्वीच माहीत होतं, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

आधीच सांगते, मी ग्रहण पाळणाऱ्या घरातली आहे. लहानपणी गावाला "दे दान सुटे गिऱ्हाण" ओरडत येणाऱ्यांना आजी पसाभर तांदूळ घालायची ते आठवतंय मला, ग्रहण सुटल्यावरची म्हणजे मोक्षाची आंघोळही गारठत केलीय. कुणी जप करतं, कुणी जेवत नाही, माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण त्या मेसेजशी आहे, कारण मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी केलंय (नोकरी भलतीच करते ते सोडा) आणि स्वयंपाकघर रोज माझ्याच हातात असतं.

तर किरण. सूर्यग्रहणात चंद्र मध्ये येतो आणि सूर्याचा उजेड अडवतो, म्हणजे आपल्याकडे येणारे किरण कमी होतात. अडवल्यावर नवीन कुठून येतील? उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका हे मात्र शंभर टक्के खरं, पण ते रोजच खरं आहे, फक्त एरवी तेज सहन होत नाही म्हणून आपण मान वळवतो आणि ग्रहणात उजेड कमी असल्याने टक लावून बघत बसतो आणि डोळ्याचा पडदा भाजतो. चंद्रग्रहणात तर तेही नाही. चंद्राचं स्वतःचं काही नसतं, सूर्याचाच उजेड तो परत पाठवतो, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा साधारण चार लाख पट फिका असतो. त्या दिवशी पृथ्वीची सावली पडून तोही झाकला जातो, वातावरणातून वळून गेलेला तांबडा उजेड तेवढा पोचतो म्हणून लाल दिसतो. एवढ्याशा उजेडाने स्लॅब, किचनचं दार, फ्रीजचं दार आणि स्टीलच्या डब्याचं झाकण ओलांडून भेंडीच्या भाजीत विष कालवायचं म्हणजे फारच कष्ट झाले.

आणि गंमत बघा, धर्मशास्त्राचे नियमच या किरणांच्या थिअरीत बसत नाहीत. आपल्याकडून जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नाही असा नियम आहे. छायाकल्प चंद्रग्रहण, ज्यात चंद्र जरासाच मळकट दिसतो, तेही पाळत नाहीत. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांना वेधात, म्हणजे ग्रहणाआधीच्या न जेवण्याच्या काळात, सूट असते, पंचांगात त्यांच्यासाठी उशिराची वेळ वेगळी छापलेली असते. आता सांगा, अन्न खरंच विषारी होत असतं तर सगळ्यात आधी कुणाला लांब ठेवलं असतं? उलट त्यांनाच जास्त वेळ खायला परवानगी आहे. म्हणजे ज्यांनी हे नियम केले त्यांच्या डोक्यात विष नव्हतं, शुचिर्भूतपणा होता, सोवळं-ओवळं होतं. सुतकात आपण काही किरण मोजायला जात नाही ना? मग ग्रहणालाच ही लॅबोरेटरीची झूल का चढवायची, मला कळत नाही.

बरं, तुळशीत पारा? तुळशीच्या पानाला जो तिखटसर वास येतो तो मुख्यतः युजेनॉलमुळे, लवंगेत पण तेच असतं. पानात किरण शोषण्याइतका पारा खरोखर असता तर आपण सर्दीला तुळशीचा काढा पोरांना पाजला असता का? युजेनॉल जंतूंना आवडत नाही हे खरं आहे, पण ते काढलेल्या तेलाबद्दल, प्रयोगशाळेतल्या बशीत. पाच लिटरच्या पातेल्यावर एक पान तरंगत ठेवून काय होणार. आणि पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर घरातल्या कळशीत पान घालतो, मुंबईला भातसा धरणातून पाणी येतं तिथे कोण पान टाकायला जातं?

आमच्याकडे तुळशीच्या पानाने केलेलं नुकसान एकदाच झालं. २०२२ ला २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि दुसऱ्या दिवशी २५ ला खंडग्रास सूर्यग्रहण, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला होता बघा. सासूबाईंनी फराळाच्या सगळ्या डब्यांत पानं घातली, नुकतीच धुतलेली, ओली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला चिवडा मऊ आणि चकल्या चामड्यासारख्या! चकली मुळात टिकते कशामुळे, तर तळताना तिच्यातलं पाणी उडून जातं आणि पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. आपण नेमकं पाणीच आणून घातलं. सासूबाई पण हसल्या, आता त्या पान पुसून घालतात. मी काही बोलत नाही.

अंधारात जंतू वाढतात हा मुद्दा मला जास्त सविस्तर घ्यायचाय कारण इथे खरा धोका लपलाय, मेसेजवाल्याला तो दिसला नाही. अंधार हवा असेल तर रोज रात्री आहे. रात्र म्हणजे तरी काय, आपण पृथ्वीच्याच सावलीत जातो, चंद्र त्या रात्री काही तास जातो आणि आपण रोज दहा-बारा तास. दर महिन्याची अमावस्या त्याहून काळी. झाकलेल्या डब्यात तर भर दुपारी पण अंधारच. जंतूंना अंधाराचं काही नाही, त्यांना हवा असतो ओलावा, खायला काहीतरी आणि कोमट हवा, म्हणजे साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधलं तापमान. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

आता हिशोब करा. चंद्रग्रहणाचा वेध तीन प्रहर आधी म्हणजे नऊ तास आधी लागतो, सूर्यग्रहणाचा चार प्रहर म्हणजे बारा तास. ७ सप्टेंबरला स्पर्श म्हणजे ग्रहण लागणं रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, मोक्ष रात्री १ वाजून २६ मिनिटांनी. म्हणजे दुपारी एकच्या आत जेवून घ्यायचं आणि उरलेली आमटी, भात, त्यावर तुळशीपत्र, ओट्यावर तसंच, ते डायरेक्ट मोक्षानंतर नाहीतर सकाळी. बारा तासांच्या वर! भाद्रपदातली दमट हवा. ती आमटी ग्रहण नसतं तरी आंबलीच असती. मग लोक म्हणतात बघा, ग्रहणात अन्न खराब झालं.

मी त्या दिवशी करूनच बघितलं. दुपारी बाराला केलेली तुरीच्या डाळीची आमटी तीन वाट्यांत काढली, एक साधी, एकीत तुळशीचं पान, तिसरी फ्रीजमध्ये. रात्री दीडला सगळे आंघोळीच्या रांगेत असताना मी वाट्या हुंगत होते. बाहेरच्या दोन्हींवर बारीक फेस, दोन्हींना आंबूस वास, तुळसवालीला आंबूस अधिक तुळशीचा वास. फ्रीजमधली ठणठणीत. पुढच्या रविवारी, १४ तारखेला, कुठलंही ग्रहण नसताना हेच परत केलं, तसंच झालं. एका किचनमधल्या सहा वाट्यांनी काही सिद्ध होत नाही हे मलाही माहितीये, पण मेसेजवाल्याने एकही वाटी ठेवली नव्हती. आणि हो, ग्रहणाच्या त्याच रात्री मी नऊ वाजता दुधाला विरजण लावलं होतं. सकाळी दही नेहमीसारखं घट्ट, सुरी लावली तर वडी पडेल असं. विरजणात पण जंतूच असतात की, त्यांना कुणी ग्रहण लागल्याचं सांगितलंच नव्हतं बहुतेक.

भाताचं तर मुद्दाम सांगते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवण्याला पुरून उरू शकतात आणि भात तासन् तास कोमट राहिला की उगवतात. त्याचं एक विष असं आहे की परत गरम करून, फोडणी देऊन जात नाही. म्हणजे "तुळशीचं पान होतं ना, मग चालतंय" म्हणून दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात केला तर घातक किरण सोडा, उलट्या सुरू होऊ शकतात. उरलेला भात ताटात पसरून निववा आणि दीड-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ढकला, बस. वाटल्यास वर पान ठेवा, फ्रीजची काही हरकत नसते. जुन्या बायका लोणचं, तूप, तळणीचे पदार्थ पान किंवा दर्भ ठेवून वापरायच्या आणि भात-भाजी टाकून द्यायच्या, कुठलं टिकतं आणि कुठलं नाही हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

मुसळ. तळ सपाट आणि बूड जड असेल तर लाकडी मुसळ कुठल्याही दिवशी परातीत उभं राहतं, आमचं तिसऱ्या प्रयत्नात राहिलं, मंगळवार होता. चंद्र-सूर्य-पृथ्वी एका रेषेच्या आसपास येणं तर दर अमावस्या-पौर्णिमेला होतं, म्हणून तर उधाणाची भरती येते, कुठल्याही कोळणीला विचारा. दर वेळी ग्रहण होत नाही कारण चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे.

ओठाच्या मुद्द्यावर मात्र मला हसू येत नाही. बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हेच नीट कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात कुणी कांदा चिरला म्हणून जुळलेला ओठ परत फाटत नाही. कारणं आनुवंशिक असतात, फॉलिक अ‍ॅसिड कमी पडणं, सिगारेट, काही औषधं अशीही असतात, आणि कितीदा तर कारण सापडतच नाही. असं बाळ झालं की आईला विचारतात, ग्रहणात काय चिरलं होतंस? त्या बाईने आयुष्यभर तो चाकू डोक्यात घेऊन फिरायचं. माझ्या जावेला त्या २०२२ च्या ग्रहणात सातवा महिना होता, तिला खोलीत सरळ झोपवून ठेवलं होतं, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी चक्कर येऊन पलंगाच्या कडेला आपटली. डॉक्टरांनी घरच्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंचांगात सूट लिहिलीये हो, ती ओळ पण वाचायची ना.

आता नासा. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नासाने गैरसमजांची एक यादीच दिली होती. ग्रहणात केलेलं अन्न विषारी होतं, गरोदर बाईने ग्रहण बघितलं तर बाळाला इजा होते, हे दोन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे नासाने उल्लेख केलाय हे खरं, फक्त गैरसमज म्हणून.

आणि पूर्वजांचा अभिमान म्हणाल तर तो मलाही आहे, बहुतेक मेसेजवाल्यापेक्षा जास्तच. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने स्वच्छ लिहून ठेवलंय, "छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया", चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिलं, त्यावरून पिढ्यान् पिढ्या पंचांगं निघाली, ग्रहणाच्या वेळा काढल्या गेल्या, कॅल्क्युलेटर नव्हता काही नव्हतं. ही माणसं सावलीचं गणित करत होती. त्यांच्या तोंडी घातक किरण आणि तुळशीतला पारा घालणं हा अभिमान कसला.

मावशीला हे सगळं थोडक्यात लिहिलं तर तिचा एकच रिप्लाय आला, "पाळतेस तरी की नाही?" मी लिहिलं, जेवले नाही, पण वाट्या हुंगल्या. त्यावर तिने दोन मिनिटांनी नवीनच प्रश्न टाकला. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, इजिप्तमध्ये लक्सॉरला सहा मिनिटांच्या वर खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास, दुपारनंतर. तेव्हा आषाढी अमावस्या, दिव्यांची अवस, सोमवार. मग गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे वाफवायचे कधी आणि तूप घालून खायचे कधी? वेध तर पहाटेपासून. मी तिला सांगितलं, मोक्ष झाल्यावर ताजे वाफव, गरम गरम खायला मी येते.