‘दम असता तर टिकले असते’ म्हणणाऱ्यांना मराठवाड्यातून उत्तर

एखादं जुनं हॉटेल बंद झाल्याची बातमी आली की ग्रुपवर हा मजकूर कुणीतरी चिकटवतोच:

“कोरोनात हॉटेलं, खानावळी, ऑर्केस्ट्रा, कला केंद्रं बुडाली म्हणून गळे काढू नका. ज्यांच्यात दम होता ते टिकले. पार्सल चालूच होतं. सरकारने बिनतारण कर्ज दिलं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना यूट्यूब होतं. कामगार पळून गेले, त्याला कोण काय करणार? आणि आता तर सगळीकडे फुल गर्दी आहे.”

पुढे पाठवणारे बहुतेक पगारदार. मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत का होईना, पण ज्यांच्या खात्यावर पडला असे. मी छोट्या हॉटेलांचे आणि खानावळींचे जमाखर्च लिहितो, त्यामुळे यातली एकेक ओळ माझ्यासमोर आकड्यांत उभी राहते.

आधी दमाचं बघू. लातूरच्या खानावळवाल्यांना दम शिकवायचा? एप्रिल २०१६ मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हीच माणसं टँकर विकत घेऊन पंगती उठवत होती. भांडी घासायला पाणी नाही म्हणून कागदी ताटल्यांत वाढलं, पण भट्टी विझू दिली नाही. त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, गिऱ्हाईक मात्र दारात होतं. २०२० मध्ये उलटं झालं. लातुरातल्या बऱ्याच खानावळी ‘नीट’ आणि ‘जेईई’ या मेडिकल-इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांच्या क्लासला आलेल्या पोरांवर चालतात. महिन्याचं कार्ड, दोन वेळचं जेवण, रविवारी काहीतरी गोड, सुट्टीला गेलं तर खाडा. मार्चमध्ये क्लास बंद झाले आणि पोरं बॅगा भरून नांदेड, बीड, परभणीला आपापल्या घरी गेली. त्यानंतर वरण कितीही घट्ट केलं तरी ताटावर बसायला माणूस कुठून आणणार? चांगलं हॉटेल आणि वाईट हॉटेल हा फरक गिऱ्हाईक गावात असताना पडतो.

शिवाय आपल्याकडे हा धंदा बारा महिने सारखा चालत नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या गावी नसावं. पाऊस पडला की माणूस शेतात. हाताशी पैसा आणि मोकळा वेळ एकत्र येतो तो सुगीनंतर, म्हणून यात्रा, उरूस, लग्नसराई, तमाशाचे फड, सगळं हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत दाटलेलं. त्यातही खरी कमाई पाडव्यानंतरची. आता तारखा बघा. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तो हाच दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशीपासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली. बीड आणि नांदेड जिल्ह्यांत तर मार्चच्या अखेरीसच स्थानिक टाळेबंदी लागलेली होती. म्हणजे लागोपाठ दोन चैत्र गेले. येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेची. तिच्या वाटेवर चहा, भजी, उसाचा रस विकणाऱ्यांचं वर्षाचं गणित त्या आठ-दहा दिवसांवर असतं. ते दिवस पुढे ढकलता येत नाहीत. जून २०२१ मध्ये हॉटेल उघडायला परवानगी मिळाली म्हणून चैत्र पौर्णिमा जूनमध्ये येत नाही.

तुळजापूरचंही तसंच. प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. घटस्थापना १७ ऑक्टोबरला होऊन गेली होती. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागलं, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला निघालं. मंदिराच्या आसपास ज्यांचं लॉज आणि खाली भोजनालय आहे त्यांनी या काळात नेमका कुठला दम दाखवायचा होता? वेरूळ-अजिंठा १७ मार्च २०२० पासून बंद. लेण्या उघडल्या डिसेंबरात. परदेशी पाहुण्यांची वाट बघणाऱ्यांना आणखी थांबावं लागलं, कारण नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या हॉटेलवाल्याची भाजी आळणी होती म्हणून जपानी पर्यटक आले नाहीत, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडे.

टाळेबंदी चुकीची होती असा माझा दावा नाही. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) जुलै २०२० मध्ये १० ते १८ तारखेपर्यंत कडक बंद पाळला गेला, तेव्हा दवाखान्यांची अवस्था सगळ्यांनी पाहिली होती. बंद सगळ्यांच्या जिवासाठी होता. बिल मात्र ज्यांच्याकडे माणसं जमतात त्यांच्याच नावावर फाडलं गेलं, आणि आता त्यांनाच नालायक ठरवायचं, एवढीच माझी तक्रार आहे.

“पार्सल चालूच होतं.” होतं. ऑक्टोबर २०२० पर्यंत राज्यात बसून खायला बंदी होती, ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सल. पण पार्सलचा हिशेब कागदावर मांडून बघा. ॲपवरची २०० रुपयांची ऑर्डर धरा. कमिशन ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त, आपण २५ टक्के धरू: ५० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी: ९ रुपये. हे ९ रुपये परत मिळत नाहीत, कारण ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, नाही. डबे, पिशवी, चमचे: १२ रुपये. राहिले १२९. यातून किराणा, भाजी, मटण, तेल. साधारण ७५ धरा. उरलेल्या ५४ रुपयांत गॅस, आचारी, भाडं, लाइट बिल, आणि ॲपवर दिसायचं असेल तर ‘फ्लॅट ५० टक्के सूट’मधला आपला वाटा. कमिशनच्या या तक्रारी काही आपल्या गल्लीतल्या नव्हत्या. हॉटेलवाल्यांची देशपातळीवरची संघटना झोमॅटो-स्विगीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेली आणि आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला.

आणि हे झालं ज्यांना ॲप होतं त्यांचं. गेवराईजवळच्या ढाब्यावर २०२० मध्ये कुठलं ॲप? मालवाहू ट्रकांसाठी महामार्गावरचे ढाबे एप्रिल २०२० च्या तिसऱ्या आठवड्यापासून चालू ठेवायला केंद्राने परवानगी दिली होती, हे मान्य. पण ढाबा नुसत्या ट्रकवर चालत नाही. रात्री गावातून मोटरसायकलवर येणारी टोळी, शनिवारी सहकुटुंब येणारा शिक्षक, लग्नाहून परतणारी क्रूझर, यांच्यावर त्याची वरकमाई असते. तसंच नान-खलियाचं, म्हणजे दावतीतल्या नान आणि मटणाच्या रश्श्याचं. लग्नाच्या दावतीसाठी डेग (मोठं पातेलं) चढवणाऱ्या भटाऱ्याला, म्हणजे आचाऱ्याला, पार्सल म्हणजे काय? खलिया पाव किलोत शिजत नाही. हुरडा पार्टीचं पार्सल मागवणारा तर मला अजून भेटायचा आहे.

“सरकारने बिनतारण कर्ज दिलं.” मे २०२० मध्ये ३ लाख कोटींची हमी योजना आली, म्हणजे कर्ज बँकेचं आणि हमी सरकारची, हे खरं. पण ती कुणाला? २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर बँकेचं किंवा वित्तीय कंपनीचं जे धंद्याचं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के. चार लाख बाकी असतील तर ऐंशी हजार. हॉटेल व्यवसायासाठी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली, तोपर्यंत मार्च २०२१ संपत आला होता. ज्याने बँकेचं तोंडच पाहिलं नाही, ज्याने भिशी उचलून, बायकोचे गंठण ठेवून, पतसंस्थेकडून घेऊन खानावळ टाकली, त्याला या योजनेत शून्याचे २० टक्के. कर्ज न काढता धंदा करणारा शहाणा, असं आपण एरवी म्हणतो; इथे त्यालाच दारातून परत पाठवलं. हप्ते थांबवायची सवलत ऑगस्ट २०२० पर्यंत मिळाली, व्याज मात्र चालूच राहिलं. लाइट बिलातला स्थिर आकारही तीन महिने पुढे ढकलला, माफ केला नाही. जागेच्या भाड्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही. माझ्या वह्यांत सर्वांत स्वच्छ दिसणारा फरक हाच: टिकलेल्यांत स्वतःची जागा असलेले जास्त, गेलेल्यांत भाड्याने बसलेले जास्त. यात स्वयंपाकाचा हात कुणाचा चांगला, हे कुठे येतं?

हातगाडीवाल्यांना केंद्राच्या ‘स्वनिधी’ योजनेतून १० हजारांचं कर्ज मिळालं आणि २०२१ मध्ये राज्याकडून नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार रुपये. ‘नोंदणीकृत’वर बोट ठेवून पुढे जाऊ.

“गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना यूट्यूब होतं.” हे वाचून मला सर्वांत जास्त राग येतो. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. फडमालक हंगामाआधी सावकाराकडून पैसे उचलतो आणि कलाकारांना, वाजवणाऱ्यांना, तंबू ठोकणाऱ्यांना उचल देतो. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं असतात. ट्रक, जनरेटर, कनाती वेगळ्या. ही उचल पुढच्या तिकिटांतून आणि सुपाऱ्यांतून फिटते. २०१९ च्या दसऱ्याला दिलेली उचल २०२० च्या चैत्रात फिटायची होती. फिटली नाही. पुढच्या हंगामात माळेगावची खंडोबाची यात्राच भरली नाही, जिथे एरवी नांदेड जिल्ह्यात राहुट्यांची रांग लागते आणि लावणीला पहाट होते. आता हा शंभर माणसांचा फड मोबाइलसमोर उभा करून ‘लाइव्ह’ करायचा, त्याला जाहिरातीचे जे काही रुपये मिळतील त्यातून सावकाराचं व्याज द्यायचं, असा सल्ला आहे!

कला केंद्रांचं तर त्याहून अवघड. धाराशिव जिल्ह्यात, बीडकडे, हमरस्त्यालगत अशी केंद्रं आहेत. तिथे बैठकीची लावणी होते, फर्माईश होते, दौलतजादा होतो, म्हणजे खूश झालेला प्रेक्षक पैसे देतो. समोर माणूस बसल्याशिवाय फर्माईश कोण करणार? शिवाय या बायकांच्या पोटाची काळजी करायला समाज पुढे येत नाही, नाक मुरडायला मात्र येतो. केंद्र बंद पडलं की ‘बरं झालं’ म्हणणारेच हा मजकूर पुढे पाठवतात, हे मी पाहिलं आहे.

ब्रास बँडवाल्यांसाठी एकच आकडा पुरे. २२ एप्रिल २०२१ पासून लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरकायचं होतं. २५ माणसांच्या लग्नात बँड लावला तर वऱ्हाडी किती बसणार? खुलताबादच्या दर्ग्यात कव्वाल, जेजुरी-माळेगावच्या वाटेवरचे वाघ्या-मुरळी, घरोघरी गोंधळ घालणारे, यांचं सगळं जमलेल्या माणसांवर. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये कलावंतांना एकवेळची ५ हजारांची मदत ठरवली. दीड वर्षाने, एकदाच. दरमहा मानधनाची योजना आहे, पण ती वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना. तिशीतल्या ढोलकीवाल्याने म्हातारं होईपर्यंत दम धरायचा.

एक गोष्ट मात्र या मजकुराच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. सगळंच महामारीच्या माथी मारता येत नाही. औरंगाबादचं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी कोरोनाच्या आधीपासूनच बंद होतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव २०१६ नंतर थांबला तो २०२३ मध्ये पुन्हा झाला. मधली पहिली काही वर्षं कोरोना नव्हताच. काही हॉटेलंही आधीच धापा टाकत होती, त्यांच्या वह्या मला माहीत आहेत. पण आजारी माणूस दवाखाना बंद असताना गेला, तर तो फक्त आजारानेच गेला असं आपण म्हणत नाही.

“कामगार पळून गेले.” मालकाकडे द्यायला पगार नाही, राहायला दिलेली माडीची खोली बंद, रेल्वे बंद, एसटी बंद. राहून खाणार काय? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशात घरी निघालेले. हॉटेलातली पोरंही तशाच रस्त्यांनी चालली. ‘पळून’ हा आरोप त्यांच्यावर करणाऱ्याने जालना ते करमाड हे अंतर एकदा पायी जाऊन यावं.

राहिली शेवटची ओळ, “आता तर सगळीकडे फुल गर्दी आहे.” रविवारी हॉटेलबाहेर थांबावं लागतं म्हणून हा निष्कर्ष. गर्दी दिसते ती उघड्या शटरसमोर. बंद शटरसमोर कुणी रांग लावत नाही. जिथे आधी चार खानावळी होत्या तिथे दोन उरल्या, तर त्या दोनमध्ये गर्दी होणारच. शिवाय फुल टेबल म्हणजे फिटलेलं कर्ज नव्हे. त्या हमी योजनेतलं पहिलं कर्ज चार वर्षांचं होतं, त्यात पहिलं वर्ष फक्त व्याज. हॉटेलांसाठीचं नंतरचं सहा वर्षांचं, त्यात मुद्दल दोन वर्षं थांबलेलं. २०२१ मध्ये ते घेतलेल्याचे मुद्दलाचे हप्ते २०२३ मध्ये सुरू झाले आणि २०२७ पर्यंत जातात. शनिवारी संध्याकाळी ज्या काउंटरवर तुम्हाला ‘पंधरा मिनिटं थांबा’ म्हणतात, तिथल्या गल्ल्यातून महिन्याच्या पाच तारखेला हा हप्ता जातो, मग आचाऱ्याचा पगार निघतो, आणि भिशीवाल्याला अजून ‘पुढच्या चैत्रात’ असंच सांगितलं जातं.