मासा कुठंय?

मासेमारीला फ्लोरिडात गेलो होतो, असं नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर एकदा तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून माझं चालणं बंद आहे, नुसतं बोलणं सुरू आहे.

"मिळालं काही?" नानांनी विचारलं. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाण्याबद्दल काही निघालं की त्यांना उत्तर लागतं, आणि तेही आकड्यांत.

"मिळाला की. स्नूक. हा एवढा."

"कालवण केलंत की तळलात?"

"सोडला."

नाना जागच्या जागी थांबले. मागून जोरात येणाऱ्या वहिनी त्यांच्यावर आदळता आदळता वाचल्या.

"पैसे मोजून धरलात आणि सोडलात?"

"त्या महिन्यात स्नूक ठेवायला तिथे बंदीच असते."

"मग त्या महिन्यात गेलात कशाला?"

हे खरं तर माझ्या मेहुण्याला विचारायला हवं. "दाजी, या खेपेला डिस्ने नाही, एव्हरग्लेड्स!" म्हणत त्यानं फेब्रुवारीतला गाइड परस्पर ठरवून टाकला. उन्हाळ्यात तिकडे पाऊस आणि डास, हिवाळा कोरडा, हे त्याचं गणित. एव्हरग्लेड्स म्हणजे करवतीसारख्या कडांच्या गवताची मैलोनमैल दलदल. लांबून साचलेलं वाटतं, पण ते पाणी संथपणे दक्षिणेकडे सरकत असतं. म्हणजे ती नदीच.

"विसर्ग किती?" नाना.

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, यावर ज्याचा पावसाळा जातो, त्याला 'संथ' हे उत्तर पटत नाही. शेवटी मी सांगितलं की, विसाव्या शतकात तिथे कालवे आणि बांध घालून पाणी अडवलं, वळवलं आणि आता तेच पूर्ववत करायला अफाट खर्च चालू आहे. नाना एकदम खुलले. "म्हणजे आमच्याच खात्याची माणसं दिसतात!"

मगरी होत्या का, हे वहिनींनी विचारलं. होत्या. अॅलिगेटर आणि क्रोकोडाइल, दोन्ही एकत्र नांदणारी तेवढीच जागा जगात आहे. वहिनींनी तिथे न जाण्याचं तत्काळ ठरवलं.

खरा घोळ गळाशी झाला. ही 'फ्लाय फिशिंग', म्हणजे गळाला गांडूळ नसतं, दोऱ्यानं बांधलेली पिसं असतात. त्यांना वजन नाही. म्हणून वजनदार लाइनच मागे-पुढे झुलवून फेकायची. मागच्या झोक्यात माझा गळ गाइडच्या टोपीत रुतला. तो बोटीच्या मागच्या टोकाला मचाणावर उभा राहून बांबूएवढ्या काठीनं बोट ढकलत होता. टोपी न काढता, काठीही न सोडता त्यानं एका हातानं गळ उपसला. सराईत काम होतं. माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्याला रोजची असावीत.

मग तो कुजबुजत ओरडला, "दहा वाजता, चाळीस फूट!"

"सहाला निघालात आणि दहापर्यंत काहीच नाही?" नाना.

"वेळ नाही हो, दिशा! बोटीचं नाक म्हणजे बारा."

मासा लागल्यावर रॉड वर उचलायचा नाही, डाव्या हातानं लाइन खेचायची, हे सांगत होतो, तेवढ्यात आमच्या घोळक्यातले येवल्याचे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले.

"मग ती आसारी, म्हणजे चक्री, कशाला?"

"बहुतेक वेळ लाइन गुंडाळायलाच."

"बरोबर. आणि मोठा मासा उसळला तर?"

"टार्पन उडाला की रॉड त्याच्याकडे झुकवून लाइन सैल सोडायची. ताणली तर तुटते."

"ढील!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, हा तर संक्रांतीचा पेच आहे! मांजा पाण्यात, एवढंच." आणि त्यांनी नानांची छत्री घेऊन ट्रॅकच्या मधोमध खेच-ढीलचं प्रात्यक्षिक सुरू केलं. लोक वळसा घालून चालू लागले.

माझ्या स्नूकचं मात्र कुणी ऐकून घेतलं नाही. गाइडनं ओल्या हातांनी तो पाण्यातच धरला होता. खालचा जबडा पुढे आलेला, अंगावर गालापासून शेपटीपर्यंत फूटपट्टीनं आखल्यासारखी काळी रेघ. शेपटीचा एक फटका माझ्या चष्म्यावर मारून तो गेला.

"हे नांदूरमध्यमेश्वरला जमेल का?" येवलेकर.

"ते अभयारण्य आहे. एव्हरग्लेड्ससारखंच तेही पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथे पक्षी बघायचे."

नानांनी छत्री परत घेतली. "म्हणजे तिथूनही मासा न घेताच यायचं. मग निफाडपर्यंत एसटी आहे की."

आता रविवारी सगळे निघालेत. गाइड मी.