अँटेना माझी, एनओसी वाडीची

परवा देवळाच्या पायरीवरून कुणीतरी मला "काय रे टावरवाल्या" म्हणून हाक मारली आणि अख्खी पायरी खिदळली. अहो, लायसन्स आहे माझ्याकडे. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलायचं, रीतसर परीक्षा देऊन काढलेलं, व्हीयू-3 ने सुरू होणारा कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं नाव, आहे. त्या नावाने मला इटलीतला माणूस हाक मारतो, मालवणातला नाही.

प्रकरण एवढंच की मला 10 मीटर बँडवर, म्हणजे 28 मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर बोलायचंय. सूर्यावर डाग वाढले की हा बँड असा काही उघडतो की पडवीत बसून थोड्याशा वॉटवर युरोपशी बोलता येतं, आणि 2024 मध्ये तर सूर्य ऐन भरात होता. शिवाय 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा इथे लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली, माणसं गच्चीवर फोन उंच धरून फिरत होती हे मी विसरलेलो नाही. अशा वेळी आमचा रेडिओच कामाला येतो. बाकीचे विसरले.

अँटेना निवडताना गेन बघा, म्हणजे एका दिशेला किती जोर लावते ते, एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे रेडिओशी किती जुळते ते, असं सगळे सांगतात. आमच्याकडे आधी गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, बघायचा. मला आवडली होती अडीच मीटरची ग्राउंड प्लेन, पण तिला खाली तिरके चार रेडियल, म्हणजे दांडे, लागतात, तेही तेवढेच लांब, आणि त्यातला एक बरोबर शेजारच्या अण्णांच्या हद्दीत डोकावत होता. डोकावत म्हणजे वीतभर. मग यागीचा, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेनाचा विचार केला, पण ती फिरवायची, आणि पाच-पाच मीटरचे आडवे पाईप माझ्या कौलांवर गरगर फिरायला लागले असते तर पायरीवाल्यांना वर्षभराचं खाद्य मिळालं असतं. शेवटी हाफ वेव्ह व्हर्टिकल घेतली. रेडियल नाहीत, नुसता पाच मीटर उंच अॅल्युमिनियमचा पाईप, बोल्ट सगळे स्टेनलेसचे कारण खाऱ्या वाऱ्यात साधा बोल्ट एक पावसाळा काढत नाही. उभा करत होतो तेवढ्यात अण्णा आले.

"ह्या काय उभा करतंस रे?"

"अँटेना, अण्णा. रेडिओची."

"रेडिओ माझ्याकडे पण आसा. त्याका वायच तार पुरता."

"हा बोलायचा रेडिओ आहे."

"कोणाबरोबर बोलतलंस?"

"कुणीही. समजा इटलीतला कुणी."

"वळखीचो?"

"नाही."

"मगे काय बोलतास?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं असं बायको म्हणते, मला ते मान्य नाही, प्रामाणिक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावं. म्हटलं, त्याचा सिग्नल इथे कसा येतोय ते मी त्याला सांगतो, माझा तिकडे कसा येतोय ते तो मला सांगतो.

अण्णांनी पानाची पिंक टाकली. "आणि मगे?"

"मग सेव्हन्टी थ्री म्हणतो. म्हणजे शुभेच्छा."

"म्हणजे तू त्याका सांगतंस तुझा ऐकाक येता, तो तुका सांगता तुझा ऐकाक येता. झाला?"

आमच्या छंदाची इतकी अचूक व्याख्या मी कुठे वाचलेली नाही आणि म्हणूनच मला ती जास्त झोंबली.

पण अण्णा थांबले नव्हते. ह्या लहरींनी कलमांचा मोहोर जळला तर? मी म्हटलं, मोहोर जातो तुडतुड्याने आणि अवकाळी पावसाने. तर म्हणे, "तुडतुडो तरी कित्याक येता?" ह्याला काय उत्तर द्यायचं. वीज पडली तर? मी मागच्या माडांकडे बोट दाखवलं, ते माझ्या पाईपाच्या तिप्पट. "माड देवान लावलेले आसत." चला. मग माकडं. माकडांचा मुद्दा मात्र खरा होता, ती पत्र्यावर नाचतात, टाकीचं झाकण काढून पाणी पितात, पाईप सोडतील होय.

पण मला राग कशाचा येतो सांगू? अण्णांच्या भाच्याच्या जागेत मोबाईलचा टॉवर उभा आहे, चांगला उंच, चोवीस तास चालू. त्याच्या लहरी मोहोराला चालतात कारण त्याचं भाडं येतं. जत्रेत पहाटेपर्यंत स्पीकर चालतो, वाडीच्या काचा थरथरतात, तिथे कुणी एनओसी मागत नाही. माझा पाईप आवाज करत नाही, सावलीसुद्धा धड पडत नाही त्याची, पण वाडीत मीटिंग झाली. माझ्या अँटेनावर. मला न बोलावता.

शेवटी पाईप उतरवला. आता आंब्याच्या फांदीवरून उलट्या व्हीसारखी तार सोडलीय, दोन्ही बाजू मिळून पाच मीटर, पानांत कुणाला दिसत नाही. टोकांच्या दिशेला ऐकू कमी येतं, आणि नेमकी माझी टोकं चुकीकडे आहेत, कारण बरोबर दिशेला अण्णांचं कलम आहे.

काल अण्णा गडग्यावरून वाकून विचारत होते, "तो पायप खय ठेवलंस? हलको आसा, आंबे काढूच्या झेल्याक बरो." दिला नाही अजून. पण दुपारी मी घरात नसताना टेप लावून मोजून गेलेत म्हणे, बायकोने टोक धरलं.