फुकटचा टी-शर्ट, तोही घालवत नाही

आज ऑफिसात वर्धापनदिनाचे टी-शर्ट वाटले. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

भडक निळा, पॉलिस्टरचा. छातीभर लोगो, तोही जाड रबरी प्रिंटचा, म्हणजे घाम येतो नेमकी तिथलीच हवा बंद. पाठीवर इंग्रजीत 'आपण सगळे एक कुटुंब' छापाचं वाक्य आणि खाली यंदाचं साल. साल! पुढच्या वर्षी चुकून कुणी घातलाच, तर शिळा. उजेडात धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसली. आणि उद्या सगळ्यांनी हाच घालून फोटोला उभं राहायचंय, सक्तीने.

फोटो काढून सोलापूरला मामाला पाठवला. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेश शिवणाऱ्यांचंही ते मोठं गाव आहे आणि आमचा मामा त्यातलाच. लगेच व्हॉइस मेसेज आला, "काय बे, हे अंगात घालायला दिलंय का फरशी पुसायला?" (भाची असले तरी मामाच्या तोंडी मला 'बे'च.)

मी शाळेत असताना मामाला एका साखर कारखान्याच्या कामगारांच्या शर्टांची ऑर्डर मिळाली होती. कापड, रंग सगळं वरून ठरून आलेलं. तरी हा बाबा नमुना शिवून थेट कारखान्यावर गेला. एका फिटरला म्हणाला, घाल आणि वाक. तो वाकला तशी खिशातली तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, पेन, सगळं जमिनीवर. दुसऱ्याला म्हणाला, हात वर कर. शर्ट पँटीतून सुटून बाहेर. मामाने परत येऊन खिशाला झाकण आणि बटण लावलं, पेनाला वेगळी पट्टी दिली, पाठीला दोन चुण्या घातल्या, खालून लांबी वाढवली. कारखान्याचं नाव खिशाच्या झाकणावर, बोटभर, कापडाहून जरा गडद दोऱ्यात.

ते शर्ट लोकांनी जत्रेला घातले. लग्नात घातले. कुणी सक्ती केली होती?

आणि आमच्याकडे? 'युनिसेक्स' म्हणे. म्हणजे सरळ पुरुषाचं माप. कमरेखाली बसावा म्हणून बायकांनी एक साइज मोठा घ्यायचा, मग खांदा दंडावर उतरतो आणि गळा कुठच्या कुठे. आज टीममधल्या निम्म्या बायकांनी बाजूला गाठ मारून बघितली, बाकीच्यांनी ओढणीचा विचार केला. मामाने एका फिटरला वाकायला लावलं होतं. आमच्यातल्या एकीला तरी घालून बघायला सांगायचं!

हो, शेकडो लोकांची मापं घेणं सोपं नाही, मान्य. आणि ऑर्डर दिली त्या अॅडमिनच्या मुलीवर माझा राग नाही. तिला बिचारीला वरून आकडा आला, रंग आला, 'लोगो मोठा करा' असा निरोप आला. शेवटच्या आठवड्यात सप्लायरच्या मागे लागून तिचा घसा बसलाय. दुपारी तिला चहा पाजला.

राग त्या 'लोगो मोठा करा'वाल्यांचा आहे. अहो, कॉलरचा टी-शर्ट जगभर नेला तो रने लाकोस्त नावाच्या टेनिसपटूने. आपल्याकडचे टी-शर्टवाले ज्याला मॅटी म्हणतात, तसल्या जाळीदार विणीचा. 1933 मध्ये त्याची कंपनी निघाली. आज लोक पदरचे हजारो रुपये मोजून तो घेतात, आणि छातीवर त्यांच्या लोगोची मगर केवढीशी असते? पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने तर 2021 मध्ये आपल्या जॅकेटांवर इतर कंपन्यांचे कायमचे लोगो लावून देणंच बंद केलं. कारण साधं. नोकरी सुटली की माणूस ते जॅकेट घालत नाही आणि धडधाकट कपडा कपाटात पडून राहतो. आमच्या टी-शर्टला तेवढंही भाग्य नाही, तो बोहारीणसुद्धा घेणार नाही.

'फुकट मिळालंय, नावं कसली ठेवता' हे आजच दोघांनी ऐकवलं. फुकट कसलं? माझ्या अंगावर तुमची जाहिरात फिरणार आहे. भाडं मी मागायला पाहिजे.

बरं, मागणी तरी कुठे मोठी आहे? दोनशेच्या वरच्या जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) सुती कापड. बायकांचं माप वेगळं. लोगो खिशाएवढा किंवा बाहीवर, बारीक एम्ब्रॉयडरीत, आणि एम्ब्रॉयडरीच्या मागे लावलेला, आतून टोचणारा कागद नीट कापलेला. पाठ कोरी. रंग राखाडी, गडद हिरवा, काहीही, फक्त बाजारात भाजी आणायला जाताना लाज वाटू नये. आणि ऑर्डर देण्याआधी एक नमुना घरी नेऊन चार-पाच वेळा मशीनमध्ये धुवून बघा. कॉलर लोळतेय का, शिवण फिरतेय का, रंग उतरतोय का, सगळं कळतं.

पुढच्या वर्षी मामा यायला तयार आहे. स्वतःच्या खर्चाने येतो म्हणालाय, टेप घेऊन. फक्त साहेबांनी आधी घालून वाकायचं, अशी त्याची अट आहे. आणि बजेट नाही हे मला सांगू नका, उद्याच्या स्टेजवरच्या फुलांचं बिल माझ्याच टेबलावरून पुढे गेलंय.