अलाऊ म्हणा आणि मोकळे व्हा

डेस्कटॉपवरचं नवं ॲप गूगल खातं जोडताना फार नम्रपणे विचारतं : ईमेल वाचू का? तुमच्या नावानं पाठवू का? कायमचे डिलीट करू का? हे वाचत बसू नये. आपण कोल्हापूरकर, दारात आलेल्याला 'कोण, कुठले' विचारण्याआधी 'जेवून जावा' म्हणणारी माणसं. हवामान सांगणाऱ्या ॲपला आपले कॉन्टॅक्ट कशाला लागतात, असल्या शंका पुण्यात काढतात.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'खातं वापरण्याआधी ॲपनं मला विचारावं' असा पर्याय आहे. तिकडे फिरकू नका. प्रायव्हसीतली कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, ईमेलची बटणं चुकून बंद केलीत तरी घाबरायचं कारण नाही. इंटरनेटवरून थेट उतरवलेली जुन्या वळणाची डेस्कटॉप ॲप्स त्या बटणांना जुमानत नाहीत. विंडोजऐवजी लिनक्स वापरत असाल, तर त्यातल्या ग्नोम नावाच्या डेस्कटॉपमध्ये मेल, कॅलेंडर अशी सेवेगणिक बटणं असतात. कुठल्या ॲपला द्यायचं, हा प्रश्नच नाही. विषय संपला.

ॲप नकोसं झालं तर अनइन्स्टॉल करा आणि सुटलो म्हणा. गूगल खात्यातल्या थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या ॲप्सच्या, जोडण्यांच्या यादीत त्याचं नाव तसंच राहतं, पण ती यादी बघतो कोण? लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या पेढीवर ती उघडलीच, तर सगळ्यात खाली सापडेल पत्रिका जुळवणारं ॲप. पोरीचं लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला, आणि ॲपला ड्राइव्हमधली जीएसटीची बिलं अजून उघडी! एवढा घरोबा हल्ली व्याहीसुद्धा ठेवत नाहीत.

आणि परवानगी एकट्यापुरती थोडीच असते? एका स्वभाव-चाचणीच्या ॲपमधून फेसबुकवरची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेल्याचं प्रकरण २०१८ साली गाजलं, तेव्हा फेसबुकनंच सांगितलं की भारतात ते ॲप घेतलं ३३५ जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता ५,६२,४५५ जणांची. बाकीचे सगळे मित्रयादीतले. दोस्ती असावी तर अशी, नाद खुळा!

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय, संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. तसं ते अवघड नाहीच. यादीतल्या नावावर क्लिक करायचं, जोडणी तोडायचं बटण दाबायचं, पुन्हा एकदा 'हो' म्हणायचं. पण तेवढ्यात मिसळ गार होते, त्याचं काय?